फळीवरचा नंबर

टेलिफोन कंपनीच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे पेटीमास्तर म्हणत. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या आठवड्यात हमखास विचारायचा, "मास्तर, तुम्ही गाताही का?" आणि बाकीचे फायलीत तोंड खुपसून हसायचे. मास्तरांचा सुरांशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांच्या पेट्या पत्र्याच्या.

रस्त्याच्या कोपऱ्यावर भिंतीला पाठ लावून उभी असलेली टेलिफोनची पेटी तुम्ही हजार वेळा बघितली असेल आणि एकदाही नीट बघितली नसेल. लोक तिच्यावर शिकवण्यांच्या जाहिराती चिकटवतात, टपावर चहाचे रिकामे पेले ठेवतात, कुत्री येता-जाता आपलं काम उरकतात. आत मात्र एकेका घराची तार एकेका ठरलेल्या जागी अडकवलेली असते. अशा साडेतीन हजार पेट्या शहरभर, शिवाय एक्स्चेंजच्या खोल्यांतून उभे असलेले रॅक. या सगळ्यांना कॉम्प्युटरात जसंच्या तसं उभं करायचं, हे मास्तरांचं काम. एकोणतीस वर्षं ते तेच करत होते.

आता तुम्ही म्हणाल, यादी तर करायची, त्यात काय मोठंसं! तर ती यादी नव्हे. एक्स्चेंजमध्ये खोली, खोलीत रांग, रांगेत रॅक, रॅकमध्ये शेल्फ, शेल्फमध्ये खाने, खान्यात कार्ड. रस्त्यावर असेल तर चौक, चौकात पेटी, पेटीत पट्टी, पट्टीवर जागा. प्रत्येक वस्तू कशाच्या तरी पोटात असलीच पाहिजे. नसेल तर सिस्टिम ती घेतच नाही, लाल अक्षरांत विचारते, 'पालक कोण?' मास्तरांना हे फार आवडायचं. जागा नसलेली वस्तू त्यांना बघवत नसे. घरीही ते कात्री, बॅटरी, औषधाच्या गोळ्या ठरल्या जागी ठेवायला लावत. बायको एकदा वैतागून म्हणाली होती, "मला कुठल्या खान्यात घातलंय तेवढं सांगा, म्हणजे मी तिथेच बसून राहते."

त्या वर्षी कंपनीनं जुनी सिस्टिम मोडीत काढली आणि नवी आणली. नवीन सिस्टिमबरोबर आला कॅटलॉग. जगातल्या पेट्यांचे चारशे बारा नमुने त्यात होते, प्रत्येकाची उंची, रुंदी, पट्ट्या, जागा आधीच ठरवलेल्या. आपण नुसता नमुना निवडायचा आणि नकाशावर टेकवायचा. जुन्या सिस्टिमीत मास्तर पेटी हातानं रचायचे, जशी असेल तशी. आता रचणं बंद. कॅटलॉगात नाही ती पेटी सिस्टिमीत नाही, इतका साधा हिशेब.

आणि याच सिस्टिमीच्या यादीवरून एका शुक्रवारी सगळ्या जुन्या लाइनी नव्या यंत्रावर जाणार होत्या. माणसानं हात लावायचा नाही, यंत्र यादी वाचणार आणि लाइनी उचलणार. ज्या लाइनीची साखळी पूर्ण, म्हणजे चौक, पेटी, पट्टी, जागा, ती उचलली जाणार. जिची साखळी तुटकी, ती अनिर्णित यादीत पडणार.

मास्तरांनी चार महिने रोज तीस-पस्तीस पेट्या हातावेगळ्या केल्या. काही अडलं नाही. अडलं ते बोळाच्या तोंडाशी असलेल्या एका हिरव्या पेटीपाशी, आणि तो बोळ नेमका त्यांच्या अक्काचा होता.

ही पेटी फार जुनी. त्या काळी पेट्यांचा तुटवडा होता, म्हणून कंपनीनं जवळच्याच एका लोहाराकडून पाच-सहा करून घेतल्या होत्या. बाकीच्या गंजून गेल्या, ही उरली. तिच्यात दहा-दहा जागांच्या दोन पट्ट्या, म्हणजे वीस लाइनी. कॅटलॉगातला एक नमुना तिच्याशी बराच जुळत होता, वीस जागांचा. पण त्या पेटीत लाइनी होत्या तेवीस. कारण खाली, तळाशी, एक लाकडी फळी होती. जुन्या लाइनमन लोकांची ती रीतच होती. पेटी भरली आणि कुणी फारच गळ्यात पडला की तळाला लाकडाची फळी ठोकायची आणि त्यावर आणखी दोन-तीन तारा बसवायच्या. कागदावर कधी काही लिहायचं नाही. सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणालाच ठाऊक नसायचं.

फळीवरच्या तीनपैकी एक लाइन होती एका बंद पडलेल्या लॉंड्रीची. दुसरी एका वकिलाची, जो केव्हाच बोळ सोडून गेला होता आणि तरी फोन चालू ठेवून होता, वकील लोकांचं काही सांगता येत नाही. तिसरी दाजींची, म्हणजे अक्काच्या नवऱ्याची.

ती तिसरी लाइन मास्तरांनीच लावून घेतली होती. कंपनीत लागून वर्षही झालं नव्हतं. दाजींचं कपडे शिवायचं दुकान, गिऱ्हाइकं वाढलेली, फोनसाठी अर्ज करून सहा वर्षं झालेली. अक्का म्हणाली, "तू आत असून आमचा काय फायदा?" तेव्हा तरुण मास्तरांनी लाइनमनच्या मागे भुणभुण लावून ती फळी ठोकून घेतली. फोन आला त्या दिवशी दाजींनी आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना नंबर सांगितला, आणि तोही मापं सांगतात तसा, दोन-दोन आकडी, ठणठणीत आवाजात: "सत्तेचाळीस, वीस, एक्क्याण्णव. लिहून घ्या."

आता दाजींना काहीच आठवत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी आधी कापडाचा हिशेब चुकायला लागला, मग गिऱ्हाइकांची नावं, मग घराचा रस्ता, मग अक्का. अक्काला ते हल्ली "बाई" म्हणत, फार अदबीनं, दुकानात आलेल्या परक्या बाईला म्हणावं तसं. स्वतःचं नावही विचारलं तर कसनुसं हसत. पण नंबर विचारला की पाठ ताठ व्हायची आणि ठणठणीत आवाज यायचा, सत्तेचाळीस, वीस, एक्क्याण्णव. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादा खिळा भिंत पडली तरी घट्ट राहतो.

दाजींचा पाय घरात ठरायचा नाही. दार उघडं दिसलं की ते दुकानाला निघायचे, आणि दुकान तर कधीच विकलेलं. पाच वेळा हरवले आणि पाचही वेळा त्या नंबरानं घरी आणले. एकदा बसच्या कंडक्टरनं फोन केला, एकदा एका शाळेच्या दरवानानं, एकदा तर पलीकडच्या टोकाच्या एका न्हाव्यानं, वर फुकट दाढी करून. अक्कानं त्यांच्या शर्टाला आतून चिंधी शिवून तिच्यावर पत्ता लिहून बघितला. पण माणूस जन्मभर शिवणकाम केलेला, परकी शिलाई बोटाला लागली की पाच मिनिटांत उसवून मोकळा. खिशातली चिठ्ठी ते रस्त्यात भेटेल त्याला पावती म्हणून देऊन टाकायचे. मनगटात घातलेलं, पत्ता कोरलेलं कडं साबण लावून काढलं. उरला होता तो नंबर, आणि तो दाजींच्या डोक्यात होता, तिथून कुणाला काढता येत नव्हता. मास्तरांना तरी तसं वाटत होतं.

मास्तरांनी रीतसर मार्गानं सुरुवात केली. कॅटलॉगात नवा नमुना हवा असा अर्ज केला. उत्तर आलं: पेटी बनवणाऱ्या कंपनीचं नाव, मूळ आराखडा, वजन सोसण्याचा दाखला जोडा, पंचेचाळीस कामाचे दिवस लागतील. लोहार जाऊन वीस वर्षं झाली होती आणि शुक्रवार अकरा दिवसांवर आला होता. मास्तरांनी फोन लावला, तर कॅटलॉगच्या बाई भल्या होत्या, पण म्हणाल्या, "फळी हा काही नमुना होऊ शकत नाही हो. लाकूड आपल्याकडे मान्य साहित्यातच नाही."

"पण ती आहे ना तिथे. मी स्वतः बघून आलोय."

"असेल. मी नाही कुठे म्हणते?"

मग त्यांनी वीस जागांच्या पेटीच्या पोटात आणखी एक छोटी पेटी घालून बघितली. लाल अक्षरं: या प्रकारात हा प्रकार मावत नाही. पट्टीला तीन जागा वाढवून बघितल्या. लाल अक्षरं. मग प्रत्यक्षातच दाजींची तार वरच्या पट्टीवर हलवून घ्यावी म्हणून ते लाइनमनच्या मुकादमाकडे गेले. मुकादमानं हात जोडले. "महिनाभर पेट्यांना हात लावायची बंदी आहे मास्तर. कुलपं बदललीत. माझी नोकरी घालवता का?"

एका दुपारी तर मास्तरांनी वरच्या पट्टीवरची चौदावी जागा उघडली. तिथे कुणा एका बाईंचं नाव होतं. नुसतं नाव पुसायचं आणि दाजींचं घालायचं, यंत्राला कळणारही नाही. बाईंचा फोन जाईल, दाजींचा राहील. मास्तर त्या नावाकडे बघत बसले. ह्या बाई कोण, त्यांच्याकडे कोण आजारी, कुणाच्या फोनची वाट बघत असतात, काही ठाऊक नव्हतं, आणि तेच अवघड होऊन बसलं. त्यांनी खिडकी बंद केली. त्यांच्या हातून ते झालं नाही. होऊ नये असंच ते काम होतं, पण म्हणून जिवाची तगमग काही कमी होत नाही.

उरला एक मार्ग, तो म्हणजे काहीच न करणं. लाइन अनिर्णित यादीत पडू द्यायची. पण एकोणतीस वर्षांत मास्तरांनी कचेरीतल्या याद्या बघितल्या होत्या. दुरुस्तीची यादी, तक्रारींची यादी, विचाराधीन यादी. यादीत गेलेली वस्तू परत आलेली त्यांनी बघितली नव्हती. आणि खरं सांगायचं तर दाजींची लाइन बिनजागेची लटकत राहणार, हेच त्यांच्या मनाला सोसत नव्हतं. दुसऱ्या कुणाला सोसलं असतं. पेट्यांच्या माणसाला नाही.

म्हणून गुरुवारी सकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटी पेटी उभी केली. कॅटलॉगातून भिंतीवरच्या छोट्या पेटीचा नमुना घेतला, चार जागांचा. खऱ्या पेटीवर ती ठेवता येईना, कारण दोन पेट्यांत दोन मीटर अंतर लागतं. म्हणून बोळाच्या आत, तीन पावलांवर, लॉंड्रीच्या भिंतीवर टेकवली. तिच्यात तीन लाइनी बसवल्या. लॉंड्री, वकील, दाजी. सिस्टिमीनं एकदाही लाल अक्षरं दाखवली नाहीत. हिरवी खूण आली, साखळी पूर्ण. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि सगळ्या खोलीला चहा पाजला. विचारलं तर म्हणाले, "सहज."

संध्याकाळी अक्काकडे जाऊन आले. अक्कानं विचारलं, "त्या फोनचं काही होणार नाही ना रे? पेपरात काहीबाही येतंय."

"मी आहे ना," मास्तर म्हणाले.

"तू आहेस म्हणून तर मी निवांत आहे."

शुक्रवारी यंत्रानं लाइनी उचलल्या. सगळं सुरळीत झालं, आणि दुपारी कंत्राटदाराची पोरं हातात पाटीएवढे कॉम्प्युटर घेऊन पेट्या पडताळत फिरायला लागली. पडताळणीचं मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. बोळात दोघंजण आली, लॉंड्रीच्या भिंतीपाशी उभी राहिली. भिंतीवर पेटी नव्हती, कशी असेल! त्यांनी 'जागेवर आढळली नाही' हे बटण दाबलं आणि पुढे गेली. त्यांचं काहीच चुकलं नाही.

नव्या सिस्टिमीचा नियम असा होता की जी पेटी जागेवर नाही, तिच्या पोटातलंही काही नाही. पेटी पुसली गेली, तिच्यासोबत तिन्ही लाइनी पुसल्या गेल्या आणि तिन्ही नंबर मोकळे झाले. हे सगळं घडायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

सोमवारी सकाळी मास्तरांनी अक्काचा नंबर फिरवला. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.' त्यांनी पुन्हा फिरवला. मग ते उठून विभागाच्या मॅडमकडे गेले. मॅडम वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, हुशार, आणि मास्तरांना मान देणाऱ्या. मास्तरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मॅडम स्क्रीनकडे बघत ऐकत होत्या, मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, अनिर्णित यादीत एकंदर तीनशे अकरा लाइनी पडल्या होत्या. आम्ही शनिवारी बसून एकेक हातानं तपासल्या. सगळ्या वाचल्या. सगळ्या."

मास्तरांनी टेबलावरची सुटी टाचणी उचलून डबीत ठेवली.

"तुम्ही काही केलं नसतं ना," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "तर तुमचीही वाचली असती."

"नंबर परत मिळेल?"

मॅडमनी स्क्रीनवर बघितलं. शहरभरचे मोकळे झालेले शंभर नंबर, त्यांत दाजींचाही, एकगठ्ठा एका कुरिअर कंपनीला गेले होते, करार झाला होता, तो गठ्ठा त्याच दुपारी चालू होणार होता. मॅडमनी वर पत्र लिहिलं, स्वतः दोनदा फोन केला. वरून उत्तर आलं की एका जुन्या ग्राहकासाठी शंभरांचा गठ्ठा फोडता येणार नाही, त्यांना नवीन क्रमांक प्राधान्यानं द्यावा. मास्तरांवर कारवाई मात्र झाली नाही. मॅडमनी ती होऊ दिली नाही. झाली असती तर बरं, असं मास्तरांना पुढे कित्येकदा वाटलं. निदान कुणीतरी ओरडलं असतं.

दुपारी नंबर लागायला लागला. मास्तरांनी श्वास रोखून ऐकलं. गोड आवाजात एक ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, पार्सलच्या चौकशीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. मास्तरांनी दोन दाबला. सतरा मिनिटं वाद्यं वाजली. मग एक मुलगी बोलली. "पार्सल नंबर सांगा."

"पार्सल नाही हो. असं आहे, आमचे दाजी हरवतात. म्हणजे मेहुणे. त्यांना कुणी विचारलं तर ते तुमचा नंबर सांगतील. तर कुणी फोन केला, की एक म्हातारे गृहस्थ सापडलेत, तर मी देतो तो नंबर त्यांना..."

"काका," ती मुलगी कळवळून म्हणाली, "मी दुसऱ्याच शहरात बसते. हे फोन साठ जणांत कुणाकडेही जातात. आणि माणसापर्यंत कोण थांबतंय? लोक एक-दोन दाबतात आणि ठेवून देतात. साठ जणांना मी कसं सांगू?"

"तुम्ही तेवढं लिहून घ्या."

"लिहून घेते," ती म्हणाली. कशावर लिहून घेतलं असेल कोण जाणे.

अक्काला त्यांनी सांगितलं की कंपनीनं नंबर बदलला. कुणाच्या हातून, ते नाही सांगितलं. जीभच उचलली नाही. अक्का एवढंच म्हणाली, "अरे, पण तू होतास ना?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं.

मग शिकवणी सुरू झाली. कचेरी सुटली की मास्तर थेट बोळात. दाजी खुर्चीत बसलेले, मास्तर समोर स्टुलावर, आणि अक्काच्या मोबाइलचे दहा आकडे. नवीन लाइन आली तर तिचा नंबर तरी कुठे त्यांच्या लक्षात राहणार होता, म्हणून निदान हा. दाजी शहाण्या मुलासारखे पाठोपाठ म्हणायचे. दोन-दोन आकडी मापांसारखं करून बघितलं, चालीवर म्हणून बघितलं. पाच मिनिटांनी विचारलं, "दाजी, आपला नंबर काय?" की पाठ ताठ. "सत्तेचाळीस, वीस, एक्क्याण्णव."

"तो गेला दाजी. आता नवा आहे."

"नवा गिऱ्हाइकांना द्या," दाजी समजूत घालायचे. "मला कशाला? मला पाठ आहे."

अक्का तोंडाला पदर लावून हसायची आणि हसता हसता आत निघून जायची. मास्तर तीन आठवडे रोज गेले. घरी येऊन जेवताना ते स्वतःशीच आकडे पुटपुटत. बायको म्हणे, "तुम्हालाच पाठ झाला बघा." दाराला आतून वर उंचावर नवीन कडी बसवली. अक्का आंघोळीलासुद्धा शेजारणीला बसवून जायची.

तरी एका दुपारी पाण्याचा मीटर बघणारा आला. अक्का वही शोधायला आत वळली. तो बाहेर पडला आणि दार नुसतं लोटून गेला, आतली कडी उघडीच राहिली. अक्का परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

सगळे शोधायला निघाले. मास्तरांनी जुन्या दुकानाचा रस्ता चार वेळा पालथा घातला, बसचे डेपो, शाळा, तो न्हावीसुद्धा. पोलिसांत फोटो दिला. हवालदारानं विचारलं, "काही सांगू शकतात का? नाव, पत्ता?"

"नंबर सांगतात," अक्का म्हणाली.

"मग काळजी कसली! कुणीतरी फोन करेल."

मास्तरांनी खाली बघितलं. हवालदाराला तरी काय सांगणार? त्या दोन दिवसांत त्यांनी कुरिअर कंपनीला किती वेळा फोन केला याची गणती नाही. एक दाबा, दोन दाबा. कुणीही भेटलं की तेच सांगायचं, आणि समोरून तेच, "पार्सल नंबर सांगा." लोक वाटेत कुठेतरी दाजींना विचारत असतील, दाजी ताठ होऊन सांगत असतील, लोक फोन लावत असतील, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि त्यात कुठे हात घालावा तेच कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सरकारी इस्पितळातून पोलिसांना कळवण्यात आलं. वर्णन जुळत होतं.

इस्पितळाच्या ओट्यावर अक्काला क्षणभर बसवून मास्तरांनी तिला सांगून टाकलं. "अक्का, तो नंबर माझ्या हातून गेला. मी नसता हात घातला तर राहिला असता."

 अक्कानं कापडी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चल आधी," ती म्हणाली. "ते वाट बघत असतील."

वॉर्डच्या कारकुनानं फॉर्म पुढे केला. माणूस चांगला होता, दोन दिवस त्यानंच दाजींना स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं होतं. "ज्यांनी आणून सोडलं त्यांनीपण फोन लावला होता म्हणे, रस्त्यात आणखी चार-पाच जणांनी लावला. मी स्वतः सहा वेळा लावला. दरवेळी कुरिअरवाल्यांचाच लागतो. आणि आजोबांचा हट्ट एकच, हाच नंबर. खोटं कशाला सांगू, शेवटी मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, 'आजोबा, चुकीचा आहे तो, नका सांगू पुन्हापुन्हा.'" फॉर्मवर नावापुढे रेघ होती आणि व्यवसायापुढे लिहिलं होतं: कुरिअर कंपनीत असावेत.

दाजी खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते. गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी धडधाकट. दाढी वाढली होती. इस्पितळाच्या अंगरख्याच्या बाहीची शिलाई उसवून त्यांनी दोरा नीट गुंडाळून उशाशी ठेवला होता. अक्का जवळ जाऊन बसली, त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी घेऊ दिला. मास्तर पायथ्याशी उभे राहिले.

अक्कानं त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "अहो, नंबर काय आपला?"

दाजींनी आधी तिच्याकडे बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या कारकुनाकडे. पाठ ताठ झाली नाही. खांदे पाडून, कुणी रागावू नये म्हणून अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. मी सांगतो तो चुकीचा आहे."

मास्तर पुढे झाले. "चुकीचा नाही, दाजी. सत्तेचाळीस..." ते म्हणाले आणि थांबले.

दाजींनी पुढचे आकडे म्हटले नाहीत.